खालच्यांचं पाणी

फाल्गुन लागला की आमच्या सिल्वासातल्या डोकमर्डीच्या इमारतीत दोन आवाज एकदमच सुरू होतात. गच्चीवरच्या टाकीत पाणी चढवणाऱ्या मोटारीची घरघर आणि परीक्षेला बसलेल्या पोरांची घोकंपट्टी. आमची शुभा आठवीत आहे. काल दुपारी भूगोलाचं पुस्तक मांडीवर टाकून, पायाचा अंगठा हलवत तिचं चाललं होतं, "धरणाचे फायदे. एक, पिण्याचं पाणी. दोन, शेतीला पाणी. तीन..." तिसरा काही तिला आठवेना. "मम्मी, थर्ड काय गं?" मी कणीक मळत होते. म्हटलं, "मला काय विचारतेस, पप्पांना विचार." पप्पा खिडकीशी पेपर वाचत बसले होते. त्यांनी पेपर खाली घेतला नाही. पण नंतर बराच वेळ पानही उलटलं नाही, ते मी बघितलं.

पुस्तकातली नदी फार शहाणी असते. डोंगरात उगम पावते, मैदानात वळणं घेते आणि धरण आलं की निमूटपणे थांबते. शुभाने ती निळ्या पेन्सिलीने काढली होती आणि तिच्यावर काळी आडवी रेघ मारली होती. रेघेच्या वर भरपूर निळं, रेघेच्या खाली थोडं निळं. मी पिठाच्या हाताने ते चित्र बघत उभी राहिले. रेघेच्या खाली कोण राहतं, ते पुस्तकात विचारत नाहीत. बरं आहे. मला तो प्रश्न आला असता तर मी पेपर कोरा देऊन उठले असते.

बाहेर ऊन चढायला लागलं होतं. गलोंडा गावाच्या बाजूला पळस फुलला असणार. मोहाची फुलं गळायला लागली की त्यांचा तो गोड, जरासा आंबूस वास इथपर्यंत येत नाही, पण मला येतो. दर वर्षी येतो. आणि त्याच्यामागोमाग ओल्या गोण्यांचा, लाल मातीचा आणि रिकाम्या होत चाललेल्या डोहाचा वास येतो. मग माझा दिवस गेलाच म्हणून समजा.

आम्ही साक्रीकडचे, पांझरेच्या काठचे. ह्यांचं नाव भटू. लिहायला हरकत नाही, तोंडाने घेत नाही एवढंच. ह्यांचे वडील गावच्या बंधाऱ्यावर पाटकरी होते. पाटाचं पाणी कोणाच्या शेतात कधी वळवायचं ते बघणारा माणूस तो पाटकरी. आमच्या नदीवर असे दगडी बंधारे एकाखाली एक आहेत, आज्या-पणज्यांच्याही आधीचे. नदी बारीक झाली की वरच्या बंधाऱ्याने खालच्यासाठी पाणी सोडायचं, ही पाणीपाळी. वरच्यांचा ऊस माना टाकत असला तरी खालच्यांची पाळी आली की बंधाऱ्यातली मोरी उघडायची. ह्या घरात पोरांना चालता यायच्या आधी पाणीपाळी कळते, असं माझी सासू म्हणायची. तिच्या सांगण्यात कौतुक किती आणि वैताग किती, हे कळायला मला थोडी वर्षं जावी लागली.

आमचं पहिलं बाळ गावी झालं. मागच्या खोलीत, जिथे ज्वारीच्या कणग्या ठेवतात तिथे. बाळ आडवं होतं. सुईण म्हणाली तालुक्याला न्या. गाडी मिळेपर्यंत व्हायचं ते होऊन गेलं. मुलगा होता. मी वाचले, म्हणजे असं लोक म्हणतात. त्यानंतर त्या खोलीत मी थांबत नसे. ज्वारी काढायला गेले तरी मी दार उघडं ठेवून, पाठ दाराकडे करून उभी राहायची.

ते दिवस म्हणजे सिल्वासाला कारखान्यांचं पेव फुटलं होतं तेव्हाचे. आमच्या तालुक्यातली निम्मी तरणी माणसं इकडे आली. हेही आले आणि खडोलीला धाग्याच्या कारखान्यात लागले. मी मागोमाग आले. खडोलीच्या टोकाला, डोंगराच्या बाजूला एका शेठने पत्र्याची चाळ बांधली होती, तिथली एक खोली घेतली. सगळी आपलीच माणसं, खान्देशातली. मशीनचा आवाज दिवसभर कानात गुणगुणायचा. पण चाळीमागे दहा पावलं गेलं की त्या आवाजाच्या आतून दुसरा आवाज यायचा, पाण्याचा. आम्ही त्याला नाला म्हणायचो. खालच्या पाड्यावरचे लोक ओहोळ म्हणायचे. त्यांचंच बरोबर होतं, नाला म्हणण्यासारखं त्यात काही नव्हतं.

हा ओहोळ डोंगरावरून सरळ उडी मारल्यासारखा येतो. पावसाळ्यात तो लाल होऊन गरजतो, माणसाच्या डोक्याएवढे धोंडे त्याच्या पोटात गडगडत जातात ते आम्हाला खोलीत ऐकू यायचं. दिवाळीपर्यंत निवळून गुडघाभर होतो, तळाचा दगडनदगड दिसतो. चाळीमागे दोन मोठे कातळ एकमेकांना खेटायला आल्यासारखे उभे आहेत, त्यांच्यामधून तो निघतो. आणि पुढे धोंड्यांच्या पसाऱ्यात शिरून चक्क नाहीसा होतो. दगडाखालून दगडाखालून जातो आणि बराच खाली, पाड्याजवळच्या उंबराच्या मुळाशी पुन्हा वर येतो. तिथे पाड्यावरच्या बायकांनी वाळूत खड्डा करून ठेवलेला असायचा. त्यात पाणी पाझरून भरायचं. तो त्यांचा झिरा. तिथून उतरत उतरत ओहोळ दमणगंगेला मिळतो. हे सगळं मला तेव्हा माहीत नव्हतं. आम्हाला कातळ दिसले आणि पाणी दिसलं, एवढंच.

त्या साली मला पुन्हा दिवस गेले. सिल्वासाच्या सरकारी दवाखान्यात नाव घातलं. तिथे एक कोकणातल्या नर्सबाई होत्या, रागीट, पण हात असा हलका की पोट तपासताना झोप यावी. पहिल्या खेपेचं सगळं ऐकून घेतलं आणि मला दम भरला, "हे बघ, बाळंतपण इथेच करायचं. गावाबिवाला जायचं नाव काढायचं नाही. तिकडे अडलीस तर मी काय उडत येणार?" मी घरी येईपर्यंत ते वाक्य मनात घोळवत आले. इतक्या महिन्यांनी मला कोणीतरी सांगितलं होतं की त्या कणग्यांच्या खोलीत मला परत जायचं नाही.

पण चाळीत पाणी नव्हतं. एक हातपंप होता, तो थंडी सरता सरता कोरडा कण्हायला लागायचा. ओहोळही तोवर आटायचा. मग बायका दोन-दोन हंडे घेऊन पार नदीपर्यंत जायच्या. दिवाळीला सासरे आले होते. त्यांनी पंप हलवून बघितला, माझ्याकडे बघितलं आणि ह्यांना म्हणाले, "पानी शे तवलोंग ऱ्हाऊ दे तिले. पानी सरनं का घर लई ये. बिगर पानीनी बायतीन ठेवतस का कोठे?" बोलणं रास्तच होतं, बिनपाण्याच्या जागी बाळंतीण कोण ठेवतं? हे बारा बारा तास कारखान्यात, माहेरी मला आई नाही आणि सिल्वासा गावात खोली घ्यायची आमची ऐपत नव्हती. म्हणजे ठरलं. वैशाखापर्यंत पाणी टिकलं तर दवाखाना, नाही टिकलं तर कणग्यांची खोली.

बांध घालायची कल्पना ह्यांची. दुसऱ्या कोणाला सुचली नसती. कारखान्यातून प्लास्टिकच्या दाण्याच्या रिकाम्या गोण्या मिळाल्या. सुट्टीच्या दिवशी चाळीतले सगळे बापे ओहोळात उतरले. गोण्यांत मुरूम भरायचा, दोन कातळांच्या मधे थरावर थर रचायचे, भातखाचरातली चिकण माती तुडवून फटी लिंपायच्या. गावाकडे असतो तस्सा बांध. माणसं इतकी खुशीत होती की जणू लग्नाचा मांडव घालताहेत. कारखान्यात दिवसभर शेठचा धागा गुंडाळणारे हात, त्यांना घरचं काम मिळालं होतं. मी काठावर बसून चहा करत होते. ह्यांनी शेवटची गोणी ठोकून बसवली, पायाने दाबून बघितली आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "ईमल, वैशाखलोंग पानी हालाव नही आते."

तो हिवाळा माझ्या आयुष्यातला सगळ्यात सुखाचा. खरं ते खरं. बांधामागे डोह भरला. सकाळी त्याच्यावर वाफ असायची. निळं पाखरू, नाव माहीत नाही, त्या फांदीवरून या फांदीवर. मी एकच कळशी घेऊन जायची, दहा पावलांवर पाणी, कंबर दुखायच्या आत परत. दुपारी पाण्यात पाय सोडून बसायची आणि पोटातल्याशी बोलायची. काय वाट्टेल ते बोलायची. तुझे आजोबा बघ कसे हरले, तुझ्या बापाने बघ कसं पाणी बांधून ठेवलं. बाळाची पहिली आंघोळ ह्याच पाण्याने घालायची, हे मी ठरवून टाकलं होतं. नर्सबाईंनासुद्धा सांगितलं. त्या म्हणाल्या, "घाल बाई, फक्त उकळून घाल." डोहाच्या काठी एका दगडावर हिरवट रेघ होती. पाणी त्या रेघेला टेकलेलं असलं की मला जेवण गोड लागायचं.

माघात पाड्यावरच्या बायका आल्या. भांडायला आल्या असत्या तर फार बरं झालं असतं, आमची चाळ भांडणात कमी नव्हती. पण त्या रिकामे हंडे खाली ठेवून अंगणात नुसत्या बसल्या. त्यांच्यात कमळी म्हणून एक होती, माझ्याच वयाची, कपाळावर गोंदण. ती माझ्या दारात बसली म्हणून मी तिला पाणी दिलं. तिने तांब्या हातात धरला, पाण्याकडे बघितलं आणि मग प्याली. म्हणाली, "बाय, आमचा झिरा आटला. होळीपर्यंत कधी आटत नाय. तुमी वर पानी धरला ना, म्हणून."

मला पहिल्यांदा काही समजलंच नाही. झिरा तिकडे लांब, डोह इथे. मग तिने हाताने दाखवलं, इथून दगडाखाली, दगडाखालून उंबराखाली.  कमळी म्हणाली, "आमाला भांडाचा नाय. ढोरां, पोरां हायेत. थोडा पानी सोडा." चाळीतल्या बायकांनी आवाज चढवला. आमच्या नवऱ्यांनी घाम गाळला, त्यांनी घालावा की आपला बांध, नदी काय आटली आहे का.  माझं लक्ष आमच्या दाराकडे होतं. आत हे शिफ्ट संपवून आडवे झाले होते, पण झोपले नव्हते. मला दिसत होतं, डोळे उघडे होते.

चार दिवस आमच्या खोलीत त्याच्याशिवाय विषय नव्हता, आणि त्याबद्दल बोलत कोणी नव्हतं. हे डाळभात खायचे, हात धुवायचे, हात धुतलेल्या पाण्याकडे बघत बसायचे. मला ह्यांचा चेहरा पाठ आहे. बाकी दुनियेत हा माणूस लोण्यासारखा. पण पाण्याच्या बाबतीत त्यांच्या आतला पाटकरी जागा झाला की समोर देव आला तरी हटणार नाही. शेवटी मीच म्हटलं, "तुम्हले काय करानं शे ते माले समजस. पन वैशाखलोंग थांबा. मंग फोडा, मंग उधळा." ह्यांनी मान हलवली नाही, वळवली. म्हणाले, "तवलोंग त्या काय पितीन?"

ठरलं ते असं. ह्यांच्या डोक्यात गावची पाणीपाळी. वरची एक गोणी काढायची, पाणी हळूहळू खाली जाऊ द्यायचं, झिरा भरला की गोणी परत बसवायची. आठवड्यातून एकदा. म्हणजे खालच्यांनाही पाणी आणि आपल्यालाही. चाळीतल्या माणसांनी कुरकुर केली, पण तीही त्याच नदीकाठची. पाणीपाळीचं नाव काढल्यावर कोणाला तोंड वर करून बोलवेना. गोणी एकच काढायची, ह्यावर सगळ्यांचा विश्वास होता. माझाही अर्धा होता. अर्धा नव्हता, म्हणून त्या दुपारी पाणी भरायच्या निमित्ताने पांढरा कॅन घेऊन मी सगळ्यांच्या आधी गेले आणि बांधावर जाऊन बसले.

सातवा महिना. गोण्यांवर फतकल मारून बसलेली मी, एका बाजूला डोह, एका बाजूला धोंडे, खाली उंबराजवळ हंडे घेऊन उभ्या पाड्यावरच्या बायका. हे आले. पहार बाजूला ठेवली. "ऊठ, ईमल." मी म्हटलं, "माले नही जानं." बांधावरून उठायचं नाही असं म्हणायचं होतं, तोंडातून आलं ते गावाला जायचं नाही. ह्यांना दोन्ही समजलं. ते पाण्यात उतरले आणि हाताने गोण्यांवरची माती चाचपू लागले. मग म्हणाले, "तेसनं पानी शे ते." मी ओरडले, "आनि मना पोरनं काय?" माझा आवाज कातळावर आपटून परत आला. ह्यांनी हात पुढे केला. इतक्या वर्षांत मी त्या क्षणाकडे किती वेळा परत गेले असेन, आणि प्रत्येक वेळी तो हात तसाच पुढे असतो, लाल मातीने भरलेला, आणि प्रत्येक वेळी मी तो धरून उठते. पोट अवघडलं होतं, आधाराशिवाय उठताही येत नव्हतं.

ह्यांनी वरच्या थरातली एक गोणी काढली, गावी बंधाऱ्याची मोरी मोकळी करतात तशी, हलक्या हाताने. वीतभर धार पडली. छान पडली, एखाद्या नळाची पडावी तशी. हे मागे वळून हसले. पुढच्याच क्षणी धार लाल झाली.

आमच्याकडे पाणी चालतं. सपाट नदी, रुंद पात्र, मोरी उघडली तरी ते रमतगमत जातं, मनात आलं की परत बंद करता येतं. हा डोंगरातला ओहोळ. इथे पाण्याला उतार दिसला की ते पळतं. काढलेल्या गोणीखालची माती धुपली, शेजारची गोणी कलंडली, तिच्याखालची सरकली. ह्यांनी पाठ लावली, चाळीतले सगळे धावले, कोणी गोणी, कोणी दगड, कोणी नुसते स्वतः आडवे झाले. पाण्याने त्यांना बाजूला सारलं आणि बांधाचं मधलं दार उघडल्यासारखं सगळं एकदम गेलं. खालच्या बायका हंडे टाकून बाजूला पळाल्या. पाणी उंबरावरून, झिऱ्यावरून गेलं आणि थेट नदीकडे निघालं. मी बघत होते, दगडावरची हिरवी रेघ वर वर चालली होती. म्हणजे रेघ तिथेच होती, पाणी खाली जात होतं, पण मला ती वर जाताना दिसत होती.

डोहाच्या तळाशी गुडघाभर उरलं. झिऱ्यात गाळ जाऊन बसला होता, पाड्यावरच्या बायका वर धावत आल्या आणि उरलेल्या पाण्यावर वाकल्या. आमच्या बायकाही वाकल्या.  जी ती आपापलं भांडं भरत होती. मला वाकता येईना. कॅन धरून मी चिखलात नुसती उभी. तेव्हा कमळीने स्वतःचा हंडा बाजूला ठेवला, माझ्या हातातून कॅन घेतला, त्यातल्या त्यात स्वच्छ पाणी ओंजळीने त्यात भरलं आणि माझ्या दंडाला धरून मला काठावर आणून बसवलं. "एवढाच कॅन कशाला आणला, बाय?" मी म्हटलं, "बाळाच्या पहिल्या आंघोळीचं आहे ते." मला वाटलं ती हसेल. ती हसली नाही. झाकण घट्ट लावून दिलं तिने.

होळीच्या आदल्या दिवशी आम्ही गावाला निघालो. कॅन मी मांडीवर घेतला होता. हे म्हणाले, कशाला नेतेस, मी झाकण पुन्हा आवळलं. बोलण्यासारखं माझ्याजवळ तेवढा कॅनच होता. गुजरातच्या नाक्यावर गाडी थांबली. गुजरातेत दारूबंदी, म्हणून सिल्वासाहून येणाऱ्या प्रत्येक कॅनात, प्रत्येक बाटलीत दारू असणार हे तिथल्या हवालदाराला पाठ. त्याने झाकण उघडलं, हुंगलं, पुन्हा हुंगलं. "आ शुं छे?" "पाणी." "सिलवासाथी पाणी लई जाय छे?" तो आपल्या जोडीदाराकडे बघून मोठ्याने हसला आणि खात्री करायला ओंजळभर पाणी रस्त्यावर ओतलं. गरम डांबरावर ते बघता बघता नाहीसं झालं. बसमधली माणसंही हसली. हे खिडकीबाहेर बघत होते. रस्त्याच्या कडेला पळस असा फुलला होता की बघवत नव्हता.

दोन-तीन वर्षांपूर्वी त्याच दोन कातळांमधे सिमेंटची भिंत उभी राहिली. भक्कम काम. आता कितीही पाऊस पडो, हलायची नाही. तिच्यामागे तळं आहे, तळ्यातून जाड पाईप निघतो आणि कारखान्यांकडे जातो. बांधकाम चालू असताना हे एका रविवारी बघायला गेले. मला बोलले नाहीत, पण चपलांना लाल माती होती. नंतर चाळीतल्या जुन्या शेजाऱ्याकडून कळलं. हे भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले, आले, आणि तिथल्या सुपरवायझरला विचारलं, खालच्यांसाठी मोरी कुठे? त्याला प्रश्नच समजला नाही. ह्यांनी पुन्हा विचारलं. तो म्हणाला, "नीचे कौन है? जंगल है." त्या दिवशी हे जेवले नाहीत. मी ताट झाकून ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी कामवालीला दिलं.

खालचा पाडा आता टँकरची वाट बघतो. उंबर आहे अजून. कमळी मोहाचा हंगाम संपला की भाजी घेऊन डोकमर्डीत येते, आमच्याकडे चहा घेते. केस पिकले तिचे माझ्याआधी. आम्ही पोरांबद्दल बोलतो, महागाईबद्दल बोलतो. ह्यांना बघितलं की ती डोक्यावरचा पदर सारखा करते आणि हे तिला "कशी आहेस" म्हणून आत निघून जातात.  ज्या माणसाने तिच्यासाठी पाणी सोडलं, त्याचं पाणी तिला मिळालं नाही. आणि ज्या बाईसाठी अडवलं होतं, तिलाही नाही.

लोक मला विचारत नाहीत, पण मी स्वतःला विचारते, मी ह्यांना माफ केलं का? नाही केलं. ह्यांचं चुकलं का? तेही मला म्हणता येत नाही, आणि म्हणता येत नाही ह्याचाच मला जास्त राग येतो. शुभा झाली तेव्हा सिल्वासाच्या दवाखान्यात झाली, त्याच नर्सबाईंच्या हाताखाली. तेव्हा आम्ही डोकमर्डीत आलो होतो, नळ होता. नर्सबाईंनी मला ओळखलं, पण मागचं काही विचारलं नाही. शुभाला माझ्या कुशीत देताना नुसतं "हं" म्हणाल्या. शुभाच्या आधी मला एक मुलगी होती, हे शुभाला माहीत नाही. तिला धरणाचा तिसरा फायदा आठवत नाही, तेवढंच आत्ता तिचं दुःख आहे. असू दे.

ती मुलगी चैत्रातच आली, वेळेच्या आधी. कणग्यांच्या खोलीत. ह्या वेळी बाळ आडवं नव्हतं, सगळं सरळ झालं, फक्त ती फार लहान होती. सुईणीच्या दोन तळहातांत मावेल एवढी. श्वास घेताना तिच्या छातीचा सगळा पिंजरा हलायचा. सिल्वासाला असते तर काचेच्या पेटीत ठेवली असती, जगलीच असती असं नर्सबाई म्हणाल्या असत्या की नाही, देव जाणे. सासूने पाणी तापवायला घेतलं. मी म्हटलं, ते नको, कॅनमधलं घ्या. सासूने कॅनमधलं पाणी चुलीवर उकळवलं, कोमट केलं. त्याला लाल मातीचा वास येत होता. त्या पाण्याने तिला आंघोळ घातली, तेव्हा तिने डोळे उघडले होते. दिवस मावळायच्या आत ती गेली.

पावसाळ्यानंतर मी खडोलीला परत आले. रिकाम्या हाताने आले. दिवाळी झाली होती, ओहोळ निवळला होता, दोन कातळांच्या मधून खळखळ चालला होता, जणू तिथे कधी कोणी एक गोणीसुद्धा ठेवली नव्हती. आमच्या गोण्यांच्या चिंध्या खाली धोंड्यांत अडकून फडफडत होत्या. मी धुणं घेऊन काठाला बसले. पलीकडे कमळी हंडा घासत होती. तिने माझ्या पोटाकडे बघितलं, कडेवर कोणी नाही ते बघितलं, आणि तिला समजलं असणार. तरी काहीतरी विचारायला हवं म्हणून तिने विचारलं, "त्या कॅनातला पानी पुरला का, बाय?"

"पुरलं," मी म्हटलं. "एकच आंघोळ झाली."